परिपाठाच्या मैदानावर कोण उभे होते?

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या राजवाड्यातील सरकारी हायस्कूलमध्ये इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकापुढे भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद आहे. ते रजिस्टर शाळेने जपून ठेवले आहे. आज ही शाळा छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या नावाने ओळखली जाते. साताऱ्यातील कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यानंतर २०१७ साली महाराष्ट्र शासनाने ७ नोव्हेंबर हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून जाहीर केला आणि तो राज्यातील शाळा-महाविद्यालयांत साजरा करण्याचा आदेश काढला.

आदेश निघाला, आपण पेढे वाटले, फेसबुकवर अभिनंदनाच्या पोस्ट टाकल्या. पुढच्याच वर्षी, २०१८ ला, ७ नोव्हेंबरला काय होते? लक्ष्मीपूजन! शाळांना दिवाळीची सुट्टी. कॅलेंडर उघडून पाहा, ७ नोव्हेंबर हा दिवस बहुतेक वर्षी दिवाळीच्या सुट्टीत किंवा तिच्या काठावर पडतो. शाळेच्या फाटकाला कुलूप असताना विद्यार्थी दिवस कोण साजरा करणार? यात कोणाचे कारस्थान आहे असे आम्ही म्हणत नाही. बाबासाहेबांचा शाळाप्रवेश त्याच तारखेला झाला, ती कोणी ठरवून निवडलेली नाही. पण सुट्टी संपून शाळा उघडल्यावर पहिल्या दिवशी हा कार्यक्रम घ्यावा असे किती मुख्याध्यापकांना सुचते? सुट्टीत आलेला दुसरा एखादा सण असता तर शाळेने तो सुट्टीआधीच उरकून घेतला असता. वर्गाला आकाशकंदील करायला लावतात, किल्ला करायला लावतात, ते सुट्टी लागण्यापूर्वीच ना?

या लेखात आम्हाला शाळेच्या मैदानाचा इतिहास मांडायचा आहे. वर्गात काय शिकवतात, पुस्तकात कोणता धडा आहे आणि कोणता वगळला, यावर आपल्या चळवळीत पुष्कळ चर्चा झाली आहे आणि होत राहील. परंतु सकाळचा परिपाठ, प्रार्थना, प्रतिज्ञा, दसऱ्याचे पाटीपूजन, वार्षिक स्नेहसंमेलन, बक्षीस समारंभ, दहावीचा निरोप समारंभ या गोष्टींकडे आपण 'मुलांची मजा' म्हणून दुर्लक्ष करतो. शाळा कोणाची आहे हे मूल शिकते ते इथेच. दीडशे-दोनशे मुलांच्या लहानशा गावच्या हायस्कूलमध्ये तर वस्तीवरच्या मुलाला वर्षभरात सगळ्या गावाबरोबर एका रांगेत उभे राहण्याचा प्रसंग याच मैदानावर येतो.

आणि ही रांगसुद्धा त्याला सहज मिळालेली नाही.

१८५६ साली धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. शाळेने नकार दिला. मुलाने सरकारकडे अर्ज केला. सरकारने निकाल दिला तो असा की, न्याय मुलाच्या बाजूने आहे हे खरे, पण त्याला आत घेतले तर बाकीची मुले शाळा सोडून जातील, म्हणून काही करता येत नाही. बाबासाहेबांनी हे प्रकरण पुढे १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने दिलेल्या निवेदनात मुद्दाम मांडले आहे. सरकारी पैशाने चाललेल्या शाळा सर्व जातींना खुल्या आहेत असे धोरण लवकरच कागदावर जाहीर झाले. प्रत्यक्षात आपली मुले पडवीत, ओट्यावर, झाडाखाली बसत राहिली. शाळेच्या पटावर नाव आहे, पण वर्गात जागा नाही, अशी ही अवस्था पाऊणशे वर्षे चालली. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा यांच्याबरोबर सरकारी शाळाही अस्पृश्यांना वापरू द्याव्यात असे त्या ठरावात होते. म्हणजे १८५६ नंतर ६७ वर्षांनीही शाळेत शिरण्यासाठी ठराव करावा लागत होता! महाडचा सत्याग्रह याच ठरावावर उभा राहिला हे आपल्याला पाठ आहे. त्या ठरावात शाळाही होत्या हे मात्र भाषणांत क्वचित ऐकू येते.

शाळेचा समारंभ ही आपल्या महाराष्ट्रात मुळात क्रांतिकारक गोष्ट होती, हेही सांगितले पाहिजे. जोतिराव आणि सावित्रीमाईंनी पुण्यात मुलींच्या आणि महार-मांग मुलांच्या शाळा काढल्या तेव्हा या शाळांच्या परीक्षा जाहीरपणे होत. आजच्यासारखी बंद खोलीत पेपर लिहिण्याची परीक्षा नव्हे. लोकांसमोर मुलामुलींना प्रश्न विचारले जात, त्या उत्तरे देत, मग बक्षिसे वाटली जात. पुण्यात ते पाहायला मोठी गर्दी लोटे. मुलगी शिकली तर काय काय अनर्थ होतो हे सांगणाऱ्या शहरात मुलगी चारचौघांत उभी राहून वाचून दाखवते, गणित करून दाखवते! १८५२ साली विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या अध्यक्षतेखाली जोतिरावांचा सरकारतर्फे सत्कार झाला, तोही याच कामासाठी. पेशव्यांच्या वाड्यात, पेशवाई बुडाल्यानंतर जेमतेम ३४ वर्षांनी, माळ्याच्या मुलाचा सत्कार. याच शाळांमधून मुक्ता साळवे ही मातंग समाजातील मुलगी पुढे आली. महार-मांगांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. धर्म कोणाचा, त्या धर्माचा ग्रंथ वाचायचा अधिकार कोणाला, असे थेट प्रश्न शाळेत शिकणारी मुलगी त्यात करते. शाळकरी मुलांच्या निबंध स्पर्धा आजही होतात. विषय असतात 'माझा आवडता सण', 'पावसाळ्यातील एक दिवस'. असो.

जोतिरावांच्या शाळेतील समारंभात विद्या दिसत होती. पूजा नव्हती. देवीला हार घालून मुलीला ज्ञान मिळते असे तिथे कोणी सांगत नव्हते.

आता पुन्हा साताऱ्याच्या शाळेत जाऊ. बाबासाहेबांनी आपल्या बालपणाचे जे थोडे आत्मकथन लिहून ठेवले आहे, त्यात शाळेतील बैठकीचे वर्णन येते. वर्गातल्या क्रमांकाप्रमाणे इतर मुलांबरोबर बसण्याची सोय त्यांना नव्हती. कोपऱ्यात वेगळे बसायचे, तेही घरून आणलेल्या तरटाच्या तुकड्यावर. ते तरट शाळा झाडणारा नोकरही शिवत नसे, म्हणून रोज संध्याकाळी ते घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे, शिपाई नसेल तर तहानलेले राहायचे. शाळेतल्या भाषणांत हा प्रसंग 'बाबासाहेबांनी किती हाल सोसले' या सुरात येतो आणि विझतो. पण त्यात क्रमांकाचा उल्लेख आहे, तिकडे पाहा. हुशारीने कमावलेली जागा शाळेनेच हिरावून घेतली होती. हुशारीला मान असेल तर तो सर्वांना असावा, हा शाळेचा स्वतःचा नियम. तो नियम एका मुलाच्या बाबतीत मोडला गेला आणि सबंध वर्गाने ते रोज पाहिले. त्या वर्गात बसलेल्या इतर मुलांना शाळेने काय शिकवले, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

आपल्या शाळांत ६ डिसेंबरला किंवा १४ एप्रिलच्या आसपास जी भाषणे होतात, त्यांत जेवणातला वाटा देणाऱ्या प्रेमळ गुरुजींची गोष्ट हमखास असते. त्या गुरुजींविषयी बाबासाहेबांना आदर होता, आम्हालाही आहे. पण बाबासाहेबांच्या शालेय जीवनातून शाळेला फक्त तेवढेच उचलावेसे वाटते, तरट उचलावेसे वाटत नाही. (ते पूर्वीही उचलत नसत, म्हणा.) नंतर मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कूलमध्येही शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले तेव्हा वर्गातली मुले धावत गेली. फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते आणि ते विटाळतील ही भीती! संस्कृत शिकायला मिळाले नाही, फारसी घ्यावी लागली. ही मुंबईची नामांकित सरकारी शाळा होती, एखाद्या खेड्यातली नव्हे.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. तेव्हा एक सभा झाली. ही सभा समाजातल्या माणसांनी भरवली होती. अध्यक्ष होते सी. के. बोले, हेच ते पुढे १९२३ चा ठराव आणणारे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी हजर होते आणि त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भीमरावांना भेट दिले. आपल्या समाजाने शालेय यशाबद्दल भरवलेला हा सत्कार समारंभ आम्हाला आजच्या प्रत्येक स्नेहसंमेलनापेक्षा मोलाचा वाटतो. कारण इथे बक्षीस म्हणून पुस्तक दिले गेले आणि ते पुस्तक कुठे जाऊन पोहोचले हे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरने पाहिले. आज दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार आपल्या वस्त्यांत दर जूनमध्ये होतात. त्यांची परंपरा इथून निघते. हल्ली तिथे प्लास्टिकची ट्रॉफी आणि नगरसेवकाचा फोटो असलेले प्रशस्तिपत्र मिळते, ते निराळे.

शाळा-कॉलेजांतील गॅदरिंग, म्हणजे स्नेहसंमेलन, हा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतून रुजला आणि तिथून हायस्कुलांत उतरला. त्याच काळात, १८९३ पासून, टिळकांनी गणेशोत्सव सार्वजनिक केला आणि मेळे निघू लागले. त्यांत शाळकरी पोरेच गाणी म्हणत. शाळेबाहेरचा उत्सव आणि शाळेतला उत्सव यांच्यातली भिंत तेव्हापासूनच पातळ झाली. शिक्षक तेच, गाणी बसवणारे तेच, पेटी-तबला तोच. आपल्या बापजाद्यांना ज्या देवळाच्या पायरीवर उभे राहू देत नव्हते, त्या देवळातल्या मूर्ती शाळेच्या रंगमंचावर मखरात बसल्या. मग 'ही तर आपली संस्कृती आहे' असे सांगायला सुरुवात झाली. आपली म्हणजे कोणाची, हा प्रश्न विचारणाऱ्याला जातीयवादी ठरवण्याची पद्धतही तेवढीच जुनी आहे.

दुसरी वाट दाखवणारेही होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय घेतला आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. वेगळ्या शाळा काढणे हे तेव्हा सुधारणेचे काम समजले जाई. महाराजांना त्याच्या पुढचे दिसले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ ला साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र स्वयंपाक करून एका पंगतीत जेवत. ज्या साताऱ्यात भिवाला तरट घरून न्यावे लागले, त्याच साताऱ्यात पाव शतकाच्या आत ही पंगत बसली. हे आपोआप घडले नाही, कोणीतरी हट्टाने घडवले.

बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिने काय काय केले याची यादी आपण परीक्षेसाठी पाठ करतो आणि त्यात 'सोलापूरला वसतिगृह' एवढे लक्षात ठेवतो. सभेने विद्यार्थ्यांचे एक मासिक चालवले, मोफत वाचनालय काढले आणि तरुणांसाठी महार हॉकी क्लब काढला. हॉकी क्लब! पोटाला भाकर नसलेल्या समाजाच्या मुलांना हॉकी कशाला, असे बाबासाहेब म्हणाले नाहीत. खेळ, मासिक, वाचनालय हे शाळेचे सुख आहे. आपल्या मुलांना ते शाळेत मिळत नव्हते, म्हणून ते बाहेर उभे केले. त्या मासिकाचे नाव होते 'सरस्वती विलास'. आमचे विरोधक हे नाव ऐकून टाळ्या पिटतील, म्हणून आम्हीच ते सांगून टाकतो. १९२५ च्या सुमाराचा हा काळ आहे. हिंदू समाज सुधारेल अशी आशा तेव्हा संपलेली नव्हती. महाड व्हायचे होते, काळाराम व्हायचा होता, येवल्याची घोषणा व्हायची होती. चळवळीची भाषा बदलत गेली, ती अनुभवाने बदलली. ज्यांना १९२५ च्या एका नावावरून १९५६ खोडायचे आहे, त्यांनी मधली ३१ वर्षे वाचावीत.

आणि मग मिलिंद. आमच्या मते शालेय-महाविद्यालयीन उत्सवाचा आंबेडकरी इतिहास लिहायचा झाला तर सर्वांत मोठे प्रकरण औरंगाबादचे असेल. ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. त्या कॉलेजात विद्यार्थ्यांची संसद भरत असे. विद्यार्थ्यांनी एकत्र जमायचे ते आरती म्हणायला नव्हे, विधेयकावर बोलायला. १९५० साली बाबासाहेबांनी मराठवाड्यात कॉलेज काढले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. निजामाच्या राजवटीत शिक्षणाची वाट जवळजवळ बंद असलेल्या मराठवाड्याच्या खेड्यांतून पोरे नागसेनवनात आली. नावे पाहा. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन हा त्याला उत्तरे देणारा भिक्खू. विद्येच्या जागेला कोणत्याही देवीचे नाव दिलेले नाही. प्रश्न आणि उत्तर यांची नावे दिली आहेत.

या महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. अस्पृश्यांच्या युगानुयुगांच्या दुःखाचा प्रवास त्यात आहे. मिलिंदच्या स्नेहसंमेलनात विद्यार्थ्यांनी ते १९५५ च्या सुमारास बसवले. बाबासाहेबांनी ते पाहिले. पुढच्या वर्षी धम्मदीक्षेच्या वेळी नागपूरला अफाट जनसमुदायापुढे त्याचा प्रयोग झाला. दलित रंगभूमीच्या इतिहासात या नाटकाला आद्य स्थान देतात. आम्हाला त्यातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. गॅदरिंगमध्ये बसवलेले एक नाटक दीक्षाभूमीवर गेले. कॉलेजच्या मुलांचा वार्षिक कार्यक्रम आणि लाखोंचे धर्मांतर यांच्यात एवढे थोडे अंतर होते! याच परिसरातून लिहिणाऱ्यांची पिढी घडली. तिथे शिकवणाऱ्या गंगाधर पानतावण्यांनी पुढे साठच्या दशकाच्या अखेरीस 'अस्मितादर्श' उभे केले. आजच्या गॅदरिंगमध्ये आपली मुले सिनेमाच्या गाण्यावर नाचतात, त्याला आमचा विरोध नाही. पोरांनी नाचावे. पण आपल्या समाजाच्या मुलांनी एक एकांकिका बसवायची म्हटली तर शिक्षक 'विषय वादग्रस्त आहे' म्हणून नाव खोडतात, असे आमचे कार्यकर्ते वेगवेगळ्या तालुक्यांतून सांगतात. शिवाजी महाराजांवर पोवाडा चालतो आणि चाललाच पाहिजे. महाडच्या चवदार तळ्यावर प्रवेश चालत नाही. वाद कशात आहे? पाण्यात?

घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये शाळांतील धार्मिक शिक्षणावर चर्चा झाली. आजचे अनुच्छेद २८ तेव्हा मसुद्यात वेगळ्या क्रमांकावर होते. दुरुस्त्या सुचवणाऱ्यांना उत्तर देताना बाबासाहेबांनी तीन कारणे दिली. एक, सर्वांच्या करातून जमलेला पैसा एका धर्माच्या शिकवणीवर खर्च करता येणार नाही. दोन, आपल्या देशात इतके धर्म आणि पंथ आहेत की एका शाळेत सगळ्यांची सोय करणे अशक्य आहे. तीन, प्रत्येक धर्म आपणच खरे असे सांगतो, मग ते वाद वर्गात आणून शाळेची शांतता का बिघडवायची? हे कारण वाचताना राग येत नाही, उपदेश वाटत नाही. एक घटनाकार शाळा चालवायच्या दृष्टीने विचार करतो आहे एवढेच दिसते.

जे कलम झाले ते प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असावे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. आणि शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही धार्मिक शिक्षणात किंवा पूजाअर्चेत भाग घ्यायला भाग पाडता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. म्हणजे शाळेने आधी विचारायचे आहे. तुम्ही हरकत घ्यावी आणि मग शाळेने ऐकावे, असा तो क्रम नाही. आपल्या किती पालकांना शाळेने असे कधी विचारले आहे? उलट पाटीपूजनाला हळद, कुंकू, नारळ आणि वर्गणी घेऊन यायचा निरोप मुलांच्या वहीत येतो.

कोर्टातही हे प्रश्न गेले आहेत. केरळमधील एका ख्रिस्ती पंथाची तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. शाळेने १९८५ मध्ये त्यांना काढून टाकले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिजो इमॅन्युएल खटल्यात मुलांच्या बाजूने निकाल दिला. उभे राहणे हा आदरच आहे, सदसद्विवेकाविरुद्ध गायला लावता येत नाही. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतील शिक्षकांनी प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला. संस्थेने त्यांची वेतनश्रेणी अडवून ठेवली. ते वर्षानुवर्षे लढले आणि २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही असे सांगितले. केंद्रीय विद्यालयांतल्या संस्कृत प्रार्थनेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये घटनापीठाकडे सोपवण्यासाठी पाठवला आहे. या तिन्ही प्रकरणांत लढायला उभे राहिले ते एकेकटे माणूस किंवा एकेकटे कुटुंब. नाशिकच्या गुरुजींचे नाव आपल्या किती शाखांना माहीत आहे? एका माणसाच्या पगाराच्या किमतीवर आपल्या सर्वांना मिळालेला तो निकाल आहे.

इथे एक आक्षेप येतोच. लहान मुलांच्या आनंदात राजकारण कशाला आणता? सगळी मुले हात जोडतात, तुमच्याच मुलाने वेगळे उभे राहायचे, त्याला एकटे पाडायचे, हे बरे का? हा आक्षेप आम्ही झटकून टाकत नाही, कारण तो विचारणाऱ्यांत आपल्या वस्तीतल्या आयाही असतात. मुलाला शाळेत मित्र हवे असतात. 'आमच्या धम्मात चालत नाही' असे सांगून आठ वर्षांच्या पोराला रांगेबाहेर काढून त्याच्यावर चळवळ लादणे आम्हाला मान्य नाही. लढायचे असेल तर मोठ्यांनी लढायचे, मुख्याध्यापकांसमोर जाऊन, लेखी. पण आक्षेपात एक चलाखी आहे तीही ओळखली पाहिजे. पूजा आणली ते राजकारण नाही, पूजेला प्रश्न केला की राजकारण! सर्वांना जोडणारे काही हवे असेल तर ते सर्वांचे असावे. साने गुरुजींची प्रार्थना अनेक शाळांत म्हणतात, पंढरपूरचे देऊळ अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये उपोषणाला बसलेल्या माणसाची ती प्रार्थना आहे. तिला आपल्यापैकी कोणी विरोध केल्याचे आम्ही ऐकले नाही. प्रतिज्ञा तर साऱ्या देशाची. ती १९६२ मध्ये पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी मूळ तेलुगूत लिहिली आणि मग देशभरातल्या शाळांत गेली. सगळे भारतीय भावंडे आहेत असे सांगणारी ती ओळ रोज म्हणणाऱ्या शाळेत शालेय पोषण आहाराच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसते, हे एकदा जाऊन बघा.

संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन परिपाठात आणण्याचे श्रेय दिल्लीला देऊ नका. नागपूर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी असताना ई. झेड. खोब्रागडे यांनी २००५ मध्ये जिल्ह्यात संविधान ओळखीचा उपक्रम सुरू केला आणि २६ नोव्हेंबरला शाळांमधून उद्देशिका वाचली जाऊ लागली. राज्य शासनाने २००८ मध्ये संविधान दिन राज्यभर नेला. केंद्र सरकारला तो २०१५ मध्ये, बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंती वर्षात आठवला. म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा दिल्लीच्या दहा वर्षे पुढे होती. रोजच्या परिपाठात उद्देशिका वाचण्याचा राज्याचा आदेश २०१३ चा. तो पाळला जात नाही म्हणून २६ जानेवारी २०२० पासून पुन्हा सक्तीचा करावा लागला. सात वर्षांत पसायदान किंवा सरस्वतीवंदनेसाठी कोणाला आदेश काढावा लागला का? ते आदेशाशिवाय चालते. आपले आदेश असूनही चालत नाही.

आपल्या बाजूचेही दोन शब्द. २०२२ मध्ये छगन भुजबळांनी शाळांत सरस्वतीऐवजी फुले, सावित्रीमाई, शाहू, बाबासाहेब यांच्या तसबिरी लावा, आम्हाला शिकवले ते यांनी, असे म्हटले आणि केवढा गदारोळ झाला. मुद्दा त्यांचा बरोबर होता. पण तसबीर बदलून तोच हार, तीच उदबत्ती, तेच नारळ फोडणे आणि त्याच हळदीकुंकवाच्या वाट्या राहणार असतील तर मुलाच्या हाती काय लागले? सावित्रीमाई म्हणजे देवीची नवी मूर्ती नव्हे. ३ जानेवारी बालिका दिन म्हणून शाळांत बऱ्यापैकी रुजला, कारण तो शाळा चालू असताना येतो आणि शिक्षिकांनी तो मनापासून उचलला. त्या दिवशी मुली सावित्रीमाईंची वेशभूषा करतात, लुगडे नेसून, मोठे कुंकू लावून, हातात पुस्तक घेऊन. छान दिसतात. त्यातल्या एखादीला जोतिरावांच्या शाळेसारखी गावासमोर जाहीर परीक्षा देऊ द्या. मुक्ता साळवेचा निबंध मोठ्याने वाचू द्या.

शेवटी कॅलेंडरकडे परत येतो, कारण खरे अडते ते तिथेच. ११ एप्रिल आणि १४ एप्रिल वार्षिक परीक्षेच्या धामधुमीत येतात, १४ ला तर सुट्टीच. २६ जून, शाहू जयंतीचा सामाजिक न्याय दिन, शाळा नुकत्या उघडलेल्या असताना, आणि विदर्भात तर शाळा उघडण्याच्या गडबडीत येतो. ७ नोव्हेंबरचे वर सांगितले. मधोमध येतात ते २६ नोव्हेंबर, २८ नोव्हेंबर हा जोतिरावांचा स्मृतिदिन, ६ डिसेंबर आणि ३ जानेवारी. दिवाळीनंतर शाळा उघडल्यावर सव्वा महिन्यात आपले सगळे दिवस येतात आणि त्याच काळात स्नेहसंमेलनाची तयारीही चालू असते. विद्यार्थी दिवस सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी घ्यावा, भिवाच्या नोंदीचे छायाचित्र परिपाठात दाखवावे, २६ नोव्हेंबरला उद्देशिका मुलांनीच एकेक शब्द वाटून घेऊन समजावून सांगावी, आणि स्नेहसंमेलनात एक प्रवेश या सगळ्यावर असावा, एवढी मागणी कोणत्याही मुख्याध्यापकांना करता येते. त्यासाठी मोर्चाची गरज नाही.

शाळेचे वार्षिक नियोजन जूनमध्ये ठरते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांना आठवीपर्यंत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. अनेक गावांत आपल्या आयांची नावे या समितीवर आहेत, सही घरी येऊन घेतली जाते. या जूनमध्ये त्या सभेला त्यांच्याबरोबर शाखेतला एक तरी शिकलेला तरुण गेला पाहिजे, तारखांचा कागद हातात घेऊन. सभेचे इतिवृत्त लिहिले जाते, त्याची प्रत मागता येते.